बालसंगोपन योजना: रक्कम बरी, गृहभेट कच्ची

नवरा वारला किंवा सोडून गेला, हाताशी रोजंदारी, पदरात दोन मुलं. अशा बाईला शेजारपाजारचे हमखास एकच सल्ला देतात: ‘बालगृहात घाल पोरांना, जेवणखाण होईल, शाळाही होईल.’ शाळा उघडायच्या सुमाराला अशा आया बालकल्याण समितीच्या, म्हणजे मूल घरी राहणार की संस्थेत हे ठरवणाऱ्या समितीच्या दारात दिसतात. त्यांच्या मुलांना ना कुणी मारलेलं असतं, ना टाकलेलं. घरात पैसा नाही, एवढंच. या मुलांना बालगृहाबाहेर ठेवण्यासाठी, आणि आत गेलेल्यांना नीट घरी आणण्यासाठी महाराष्ट्रात दोन सेवा आहेत. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आणि केंद्राच्या मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व, म्हणजे मूल घरीच राहावं म्हणून कुटुंबाला दरमहा मिळणारी मदत. दोन्ही जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या टेबलावरूनच पुढे सरकतात, म्हणून परीक्षणही एकत्रच करायला हवं.

आधी नावाचा गोंधळ. कोविडमध्ये विधवा झालेल्या महिलांसाठी राज्याने 2021 मध्ये जी मोहीम काढली, तिचंही नाव ‘मिशन वात्सल्य’च होतं. तालुक्याच्या कार्यालयात नुसतं ‘वात्सल्यचा फॉर्म द्या’ म्हटलं तर कोणता कागद हातात पडेल याचा भरवसा नाही. ‘प्रायोजकत्वाचा अर्ज’ किंवा ‘बालसंगोपनचा अर्ज’ असं स्पष्ट म्हणावं.

रकमांचं बोलू. बालसंगोपनमध्ये मुलामागे महिन्याला 1100 रुपये मिळत, ते 2023 मध्ये 2250 झाले. प्रायोजकत्वात 4000 मिळतात. याच मिशन वात्सल्यमध्ये संस्थेत राहणाऱ्या मुलाच्या पालनपोषणासाठी 3000 रुपये धरले आहेत, आणि पगार, इमारत हा खर्च त्याशिवाय. म्हणजे थेट मुलावरच्या खर्चापुरते पाहिलं तर प्रायोजकत्वात मूल घरी राहावं यासाठी सरकारने कागदावर तरी जास्त पैसे ठेवले, आणि ही दिशा योग्यच आहे. 2250 रुपयांत वाढत्या वयाच्या मुलाचं सगळं भागत नाही, पण शाळेचा प्रवास, वह्या आणि किराण्यातला मुलाचा वाटा निघतो. आईला मूल सोडायला लावणारा खड्डा बहुतेक वेळा एवढाच असतो. रकमेला पाचपैकी साडेतीन तारे.

अडतं ते उत्पन्नाच्या अटीवर. प्रायोजकत्वासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात 72 हजार आणि इतरत्र 96 हजारांच्या आत लागतं. रोजगार हमीचा 2024-25 चा दर 297 रुपये होता. त्या दराने एखाद्या बाईला महिन्याचे 25 दिवस काम मिळालं तर वर्षाला 89,100 रुपये होतात. म्हणजे खेड्यातली धडधाकट, रोज कामाला जाणारी विधवा नियमाने बाहेर. मग तलाठ्याच्या अहवालात उत्पन्न ‘बसवून’ घेतलं जातं, सगळ्यांना ते ठाऊक असतं, आणि पुढे कुणी तक्रार केली की तोच कागद आईच्या अंगाशी येतो. सेवेतला हा दोष मूळ आखणीतला आहे, जिल्ह्याच्या हातात नाही. ज्यांचं उत्पन्न या रेषेजवळ आहे त्यांनी बालसंगोपनच्या बाजूने अर्ज आधी विचारावा. दोन्ही लाभ एकाच मुलाला एकाच वेळी मिळतील असं मात्र धरून चालू नये.

बालसंगोपनचा घेर मोठा आहे. अनाथ, एकच पालक असलेली, पालकांचा ठावठिकाणा नसलेली, आईवडील तुरुंगात असलेली, एचआयव्ही किंवा कुष्ठरोगासारख्या आजाराने घर खचलेली, दोन्ही पालक अपंग असलेली, घरातल्या टोकाच्या वादात सापडलेली मुलं, 18 वर्षं पूर्ण होईपर्यंत. अनेकांना वाटतं ही योजना फक्त विधवांच्या मुलांसाठी आहे. आजी सांभाळत असलेली नातवंडंही यात बसतात, आणि आजीचे अर्ज सगळ्यात कमी येतात.

कागद कोणते, हे सगळ्यांना पाठ असतं: मुलाचं आणि पालकाचं आधार, शिधापत्रिका, रहिवासाचा पुरावा, तहसीलदाराचा उत्पन्न दाखला, पालकाचा मृत्यू दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँक पासबुक, घरासमोर उभं राहून काढलेला कुटुंबाचा फोटो. अर्ज परत का येतो ते मात्र कुणी सांगत नाही. तलाठ्याचा अहवाल जोडला आणि तहसीलदाराचा दाखला राहिला, ही पहिली चूक. दाखल्याची मुदत मार्चअखेर संपते आणि अर्ज एप्रिलमध्ये टेबलावर येतो, ही दुसरी. आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव वेगळं, ही तिसरी आणि सगळ्यात चिवट. इथे शाळेच्या नोंदीला हात लावायला जाऊ नये. जन्मदाखला घेऊन आधार दुरुस्त करणं जास्त सोपं पडतं.

परित्यक्तेची पंचाईत निराळी. नवरा मेलेला नाही, त्यामुळे दाखला नाही. घटस्फोट झालेला नाही, त्यामुळे कोर्टाचा हुकूम नाही. अशा अर्जाला पोलीस ठाण्यातली बेपत्ता असल्याची नोंद, पोटगीच्या दाव्याची प्रत, किंवा अगदी काहीच नसेल तर ग्रामपंचायतीचा दाखला आणि शेजाऱ्यांचे जबाब असलेला गृहचौकशी अहवाल आधार देतो. कागद नाही म्हणून अर्जच न घेणारं कार्यालय आपलं काम टाळतं आहे. चौकशी करून खरं काय ते शोधणं हेच तर त्याचं काम.

पैसे खात्यात येण्याची तऱ्हा सांगायलाच हवी, कारण ‘मंजूर आहे पण मिळत नाही’ ही तक्रार सगळ्यात मोठी. आधारवर आधारित हस्तांतरणात रक्कम पासबुकावर लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. ज्या बँकेने आधार सर्वात शेवटी जोडलं तिथे ती जाते. शिष्यवृत्तीसाठी शाळेने मध्येच दुसऱ्या बँकेत खातं उघडलं असेल तर पैसे तिथे साचत राहतात आणि आई जुन्या बँकेत खेटे घालते. आधार कोणत्या बँकेशी जोडलेलं आहे हे आधी तपासावं, मगच कार्यालयात तक्रार करावी. मुलाच्या वयाच्या 5 आणि 15 व्या वर्षी आधारचे ठसे नव्याने द्यावे लागतात, तेही राहून जातं. उरलेला दोष सरकारचा: निधी दर महिन्याला न येता कित्येक महिन्यांचा एकदम येतो. 2250 दरमहा आणि 13,500 सहा महिन्यांनी, हिशेबात एकच असले तरी घरात एक नसतात. दुसऱ्या प्रकारात मधल्या काळात उधारी होते आणि पैसे आले की उधारीतच जातात. वितरणाला दीड तारा.

आता गृहभेटीकडे येऊ. सगळी सेवा तिच्यावर उभी आहे आणि नेमकी तीच कच्ची आहे.

2015 च्या बाल न्याय कायद्यात संस्था हा शेवटचा उपाय मानला आहे. मूल 24 तासांत बालकल्याण समितीपुढे आणायचं, सामाजिक तपासणी, म्हणजेच ही गृहचौकशी, 15 दिवसांत पुरी करायची आणि समितीने अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत द्यायचा, अशी कालमर्यादाही आहे. समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, महिन्याला किमान 20 दिवस बैठक. अंतिम निर्णयाला किमान तीन जण हजर लागतात. दोन जागा रिकाम्या आणि एक सदस्य आजारी, की सगळ्या अंतिम आदेशांना कुलूप. मूल तोवर ‘तात्पुरतं’ म्हणून बालगृहात असतं आणि ‘तात्पुरतं’चं वर्ष कधी होतं ते फाईललाही कळत नाही.

या 15 दिवसांत जी चौकशी होते, तिच्या कागदावर ‘घरची परिस्थिती हलाखीची, पालक सांभाळण्यास असमर्थ’ असं एक वाक्य सर्रास आढळतं. हे वाक्य निरुपयोगी आहे. हलाखी असेल तर योजना द्या, मूल कशाला उचलता? असमर्थ म्हणजे नेमकं काय? चांगल्या अहवालात पुढची माहिती हवी: संध्याकाळी पाच ते आठ घरात कोण मोठं माणूस असतं, मूल कुठे आणि कुणाजवळ झोपतं, शाळा किती लांब आणि जायचं कसं, दारू कोण पितं, रोज की बाजाराच्या दिवशी, पासबुक कुणाच्या हातात असतं, मामा, मावशी, आजी यांच्यापैकी कुणाला विचारलं आणि ते काय म्हणाले. शेवटचा प्रश्न सर्वात जास्त वगळला जातो. नातेवाईकांची बैठक एकदा जरी झाली तरी निम्मा प्रश्न तिथेच सुटू शकतो: एक जण शाळेपर्यंत पोचवतो, दुसरा रात्रीपुरता सांभाळतो, आणि वरचा खर्च योजनेतून भागतो.

भेटीची वेळही महत्त्वाची. दुपारी बाराला गेलं तर मजुराचं घर बंदच असणार. मग शेजाऱ्याला विचारून किंवा आईला फोनवर गाठून अहवाल भरला जातो. संध्याकाळी किंवा रविवारी जायला हवं, आणि मुलाशी पालकांपासून बाजूला घेऊन बोलायला हवं. ऊसतोडीच्या कुटुंबांत तर वर्षाचं वेळापत्रक पाहावं लागतं. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सप्टेंबरमध्ये भेट दिली तर घर भरलेलं दिसतं, डिसेंबरात तिथे एकटी म्हातारी असते. अशा ठिकाणी प्रश्न सहा महिन्यांचा आहे. हंगामी वसतिगृह किंवा नातेवाइकांची सोय एवढ्याने भागतं. त्यासाठी मुलाला बालगृहात घालायचं कारण नाही.

अंगणवाडी सेविकेला विचारल्याशिवाय अहवाल पुरा मानू नये. गावच्या बाल संरक्षण समितीत त्या असतातच आणि घराची खरी खबर त्यांना असते. ही समिती बऱ्याच गावांत फक्त फलकावर आहे, ते वेगळं. गृहचौकशीला एक तारा, तोही ही चौकशी करणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्यांपैकी चांगलं काम करणाऱ्या मूठभरांसाठी.

आत असलेल्या मुलांना घरी पाठवण्याच्या बाबतीत एक इशारा इतिहासानेच देऊन ठेवला आहे. सप्टेंबर 2020 मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना पत्र लिहिलं: बालगृहांतली मुलं 100 दिवसांत घरी पोचवा. हेतू वाईट नव्हता, पण प्रत्येक मुलाची चौकशी वेगळी असताना सगळ्यांना एक तारीख लावणं उफराटं होतं. महामारीच्या आधी देशभरातल्या बालगृहांत सव्वादोन लाखांहून अधिक मुलं होती, त्यातली सुमारे 1 लाख 45 हजार परत पाठवली गेल्याचं त्याच वर्षअखेरीस सर्वोच्च न्यायालयासमोर आलं. न्यायालयाने अशा मुलांच्या शिक्षणासाठी महिना 2000 रुपये द्यायला सांगितलं आणि त्यांना शिक्षण मिळतं आहे ना यावर लक्ष ठेवायला सांगितलं. पाठवून झाल्यावर विचारायचे प्रश्न आधीच विचारलेले बरे, हे त्यातून दिसलं.

नीट पाठवणी कशी असते? मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा पहिल्या महिन्यातच तयार हवा आणि त्यात ‘घरी कधी, कोणत्या अटी पुऱ्या झाल्यावर’ हे लिहिलेलं हवं. आधी फोन, मग पालकांची भेट, मग दोन-चार दिवसांची सुटी, मग लांब सुटी. प्रत्येक सुटीनंतर मूल काय सांगतं आणि काय सांगत नाही, याची समुपदेशकाने नोंद करायची. कायमचं पाठवायचं तर एप्रिल-मेमध्ये, म्हणजे जूनमध्ये गावच्या शाळेत नाव लागतं. दिवाळीत पाठवलेलं मूल अर्ध्या वर्षात नव्या वर्गात बसत नाही, आणि शाळा सुटली की घरही सुटतं. पिशवीत काय असावं: शाळा सोडल्याचा दाखला, आधार, दवाखान्याची फाईल, नेहमीचं औषध असेल तर ते किमान दोन महिन्यांचं, समितीच्या आदेशाची प्रत. औषधाकडे खास लक्ष द्यावं. फिट्सच्या किंवा एचआयव्हीच्या गोळ्या संस्थेत नियमित चालतात, घरी गेल्यावर कुठून घ्यायच्या हेच आईला माहीत नसतं. जवळच्या केंद्रात नोंद बदलल्याशिवाय मूल हलवू नये.

आणि योजनेचा आदेश त्याच दिवशी व्हावा. ‘आधी घेऊन जा, मग अर्ज करा’ ही पद्धत बंद पडली पाहिजे. मूल घरी गेल्यावर आईला पुन्हा तलाठी, तहसील, बँक अशी फेरी मारायला लावली, तर त्या काळातली मजुरी बुडते आणि मूल परत संस्थेच्या दारात दिसतं. भावंडं वेगवेगळ्या संस्थांत असतील तर एकाला पाठवून दुसऱ्याला ठेवू नये. ठेवलेला मागे पडतो आणि गेलेला पळून परत येतो.

परजिल्ह्यातलं मूल असेल तर तिथल्या कक्षाकडून गृहचौकशी मागवावी लागते आणि सगळा वेळ तिथेच जातो. समितीचा आदेश निघाल्यावर मात्र पोलिसांच्या बाल पथकाने 15 दिवसांत मुलाला पोचवायचं असतं, मुलगी असेल तर सोबत महिला पोलीस हवी. ‘सोबत मिळत नाही’ म्हणून महिनोन्महिने अडकलेल्या मुलींच्या पालकांनी ही मुदत लेखी दाखवून द्यावी.

काही मुलांना घरी पाठवूच नये, संख्या कितीही कमी करायची असली तरी. अत्याचाराच्या खटल्यातला आरोपी त्याच घरात किंवा त्याच गल्लीत असेल तर आईच्या हमीपत्रावर विसंबणं म्हणजे साक्षीदाराला आरोपीच्या हवाली करणं. बालविवाहातून सोडवलेल्या मुलीचंही तसंच. आठवड्यात हमीपत्र घेऊन पाठवलं तर लग्न दुसऱ्या गावात उरकतं. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, तेव्हा मुलीला सोडताना त्यांना लेखी कळवावं आणि शाळेतली हजेरी महिन्याला मागवावी. अशा वेळी मावशी किंवा आजी ‘सुयोग्य व्यक्ती’ म्हणून, म्हणजे मूल सांभाळायला योग्य ठरवलेलं माणूस म्हणून शोधणं हा मधला मार्ग आहे. प्रतिपालक कुटुंबही, म्हणजे मुलाला काही काळ आपल्या घरी सांभाळणारं दुसरं कुटुंबही चालतं, पण तिथे समितीने दर महिन्याला भेट द्यायची असते आणि तेवढं मनुष्यबळ आहे का, हे आधी पाहावं.

देखरेखीची यंत्रणा कागदावर घट्ट आहे. संस्थांना बालकल्याण समितीच्या महिन्याला दोन भेटी, जिल्हा तपासणी समितीची तीन महिन्यांतून एकदा पाहणी, तिच्यात किमान तीन जण, एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. जिल्हाधिकाऱ्यांनी बालकल्याण समितीच्या कामाचा तिमाही आढावा घ्यायचा. पण या आढाव्यात विचारलं काय जातं? किती मुलं आत, किती बाहेर. हा आकडा फसवा आहे. बालगृहातली संख्या घटते आणि तीच मुलं नोंदणी नसलेल्या कुठल्या तरी ‘वसतिगृहात’ दिसतात, जिथे ना समिती जाते ना तपासणी पथक. नोंदणीशिवाय अशी संस्था चालवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे, पण आधी अशी जागा शोधायला तर हवी.

आढाव्यात तीन आकडे मागवावेत: घरी गेलेल्यांपैकी सहा महिन्यांत किती परतले; वर्षभराने किती शाळेत आहेत; आणि पहिला हप्ता किती दिवसांत मिळाला. परत आलेलं मूल म्हणजे अपयश असं समजून ते लपवू नये. का आलं, हे लिहिलं तर पुढच्या दहा मुलांना उपयोग होतो. भेटींचा सुचवावा असा क्रम: पहिल्या महिन्यात दोनदा, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, नंतर तिमाही. पहिल्या महिन्यातली एक भेट न कळवता. बऱ्याच ठिकाणी आज होते ती वर्षातून एक, नूतनीकरणाच्या वेळी, तीही पालकालाच कार्यालयात बोलावून. देखरेखीला दोन तारे, दोन्ही कायद्याच्या मसुद्याला.

अर्जदारासाठी शेवटचं, पण कामाचं. अर्ज देताना दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर तारीख, शिक्का, सही घ्यावी. तोंडी ‘बघू’वर घरी जाऊ नये. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावं. प्रायोजकत्व आणि प्रतिपालकत्वाच्या निर्णयाविरुद्ध अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे होतं, समितीच्या इतर आदेशांविरुद्ध बाल न्यायालयात, आणि मुदत 30 दिवसांची. मूल संस्थेत अडकलं असेल किंवा घरी धोक्यात असेल तर 1098 या बालकांच्या हेल्पलाइनला फोन करावा. लाभ सुरू झाल्यावर मूल शाळेत गैरहजर राहिलं किंवा वसतिगृहात गेलं तर प्रायोजकत्वाची रक्कम थांबू शकते, तेव्हा शाळा बदलली तर नवा बोनाफाईड त्याच आठवड्यात कक्षात नेऊन द्यावा, आणि त्याचीही पोच घ्यावी.